एका रेषेच्या तीन तारा

प्रश्न : कंट्रोल पॅनेलच्या आकृतीत मी तीन कॉन्टॅक्टरची (विजेने चालू-बंद होणाऱ्या स्विचांची) ए२ टर्मिनले, म्हणजे त्यांच्या कॉइलचे एकेक टोक, एकाच न्यूट्रल रेषेने जोडली. सॉफ्टवेअरच्या वायर यादीत मात्र त्या रेषेच्या तीन तारा दिसतात आणि त्यांचा क्रम माझ्या मनातल्या क्रमाहून निराळा आहे. त्रिमितीय मांडणीत मिळणारी लांबीही मोजलेल्या अंतरापेक्षा बरीच जास्त आहे. हे कशाच्या आधारे ठरते?

उत्तर : आपण काढलेली रेषा एवढेच सांगते की न्यूट्रलचे टर्मिनल आणि तीन ए२ हे चार बिंदू विजेच्या दृष्टीने एक आहेत. प्रत्यक्ष तारेला दोनच टोके असतात, म्हणून सॉफ्टवेअरला त्या रेषेचे जोड्यांमध्ये तुकडे करावे लागतात. चार बिंदू जोडायला तीन तारा पुरतात; पण कोणते बिंदू एकमेकांना जोडायचे, याच्या तब्बल १६ रीती आहेत. विजेला त्या सगळ्या सारख्याच. वायरिंग करणाऱ्या माणसाला तसे नसते, कारण तिन्ही तारा न्यूट्रलच्या एकाच टर्मिनलवरून काढल्या तर एका स्क्रूखाली तीन टोके कोंबावी लागतात. म्हणून सहसा साखळी पसंत केली जाते : न्यूट्रलवरून पहिल्या ए२ वर, तिथून दुसऱ्यावर, तिथून तिसऱ्यावर.

हा क्रम सांगण्याचे काम फाट्याचे चिन्ह करते. ईप्लॅनसारख्या सॉफ्टवेअरमध्ये दोन जोडबिंदू सरळ रेषेत समोरासमोर आले की जोडणी आपोआप होते. फाटा फुटतो तिथे मात्र टी-आकाराचे चिन्ह बसवावे लागते, आणि तार आधी कोणत्या बाजूला जाईल व नंतर कोणत्या, हे त्या चिन्हाच्या निवडलेल्या प्रकारावरून ठरते. आपण ते चिन्ह जसे समोर आले तसेच ठेवले असावे, असे मला वाटते. त्याचा प्रकार बदलून यादी पुन्हा तयार करावी, म्हणजे क्रम बदललेला दिसेल. काही सॉफ्टवेअरमध्ये हा निर्णय मांडणीवर सोपवून एकूण लांबी कमीत कमी ठेवणारा क्रमही मागता येतो. अर्थिंगच्या तारांना मात्र ही साखळी लावू नये. यंत्रांच्या विद्युत सुरक्षेचे आयईसी ६०२०४-१ हे मानक संरक्षक वाहकासाठी, म्हणजे अर्थिंगच्या तारेसाठी, एका जोडबिंदूवर एकच तार सांगते, आणि एखादे उपकरण काढल्यावर पुढच्या भागांचे अर्थिंग तुटता कामा नये, असाही त्याचा आग्रह आहे.

आता लांबीकडे वळू. तार हवेतून तिरपी जात नाही, ती डक्टमधून, म्हणजे पॅनेलमध्ये तारांसाठी बसवलेल्या पन्हळीतून, जाते. दोन बिंदू आडवे ३०० आणि उभे ४०० मिलिमीटर दूर असतील, तर टेपने सरळ मोजलेले अंतर ५०० भरते; डक्टमधून तोच प्रवास किमान ७०० मिलिमीटरचा होतो. शिवाय उपकरणापासून डक्टपर्यंतचा भाग आणि टोकांना सोडलेली जादा तार त्यात मिळवावी लागते. डक्टचे जाळे म्हणजे सॉफ्टवेअरच्या लेखी रस्त्यांचा नकाशा असतो, आणि त्यावरचा सर्वांत जवळचा मार्ग शोधण्याची मूळ रीत संगणकशास्त्रज्ञ डाइक्स्ट्रा यांनी १९५९ मध्येच प्रसिद्ध केली होती. पॉवर आणि कंट्रोलच्या तारा वेगळ्या डक्टमधून न्यायच्या असे बंधन घातले असेल, तर जवळचा मार्ग सोडून लांबचा घेतला जातो, आणि तो घ्यावाच.

एवढे करूनही लांबी पटण्यासारखी नसेल, तर सॉफ्टवेअरच्या लायब्ररीतील, म्हणजे तयार उपकरणांच्या संग्रहातील, कॉन्टॅक्टर उघडून पाहावा. तिथे प्रत्येक जोडबिंदूचे स्थान आणि तार बाहेर पडण्याची दिशा नोंदलेली असते. पुष्कळ कॉन्टॅक्टरवर कॉइलची ए१ आणि ए२ ही टोके दोन्ही वरच्या बाजूलाच असतात. लायब्ररी बनवताना कोणी ए२ खाली ठेवला असेल, तर सॉफ्टवेअर इमानेइतबारे खालच्या डक्टचा रस्ता धरते आणि यादीतली प्रत्येक अशी तार चुकीच्या मापाची निघते. तारा आधीच कापून घेण्याची पद्धत असेल, तर ही तपासणी कापण्यापूर्वी अवश्य करावी.