पॉल त्सेलानचा बुखारेस्टमधला दोस्त

प्रश्न: पॉल त्सेलान जर्मन कवी ना? मग त्याच्याबरोबर रोमानियाच्या पेत्रे सोलोमोनचं नाव का येतं?

उत्तर: लिहायचा जर्मनमध्ये, पण जन्म १९२० चा, चेर्नोविट्सचा, तेव्हा ते शहर रोमानियात होतं, आता युक्रेनमध्ये आहे. ज्यू असल्यामुळे दुसऱ्या महायुद्धात त्याच्या आईवडिलांना ट्रान्सनिस्ट्रियाच्या (तेव्हा रोमानियाच्या ताब्यातला प्रदेश) छावण्यांमध्ये नेलं, दोघंही तिकडेच वारले. १९४५ ला हा एकटा बुखारेस्टला आला आणि एका प्रकाशन संस्थेत रशियन पुस्तकांची रोमानियन भाषांतरं करायला लागला, लेर्मोंतोव्हची कादंबरी त्यानेच आणली. तिथलाच त्याचा जिवाभावाचा मित्र म्हणजे सोलोमोन, स्वतः कवी आणि इंग्रजीतून भरपूर भाषांतरं करणारा. आता खरी गोष्ट बघा, छावण्यांवरची त्सेलानची 'टोडेसफूगे' ही जगप्रसिद्ध कविता आधी जर्मनमध्ये छापलीच नाही, मे १९४७ मध्ये 'कोंतेम्पोरानुल' साप्ताहिकात रोमानियनमध्ये आली, भाषांतर सोलोमोनचं! भाषांतरकाराला एवढं मोठं श्रेय क्वचितच मिळतं, आणि तरी त्याचं नाव फार कमी लोक घेतात याचं मला मनापासून वाईट वाटतं. त्याच वर्षाच्या शेवटी त्सेलान व्हिएन्नाला निघून गेला, मग पॅरिस. सोलोमोन बुखारेस्टलाच राहिला, आणि १९८७ मध्ये त्याने मित्राच्या या रोमानियन वर्षांवर अख्खं पुस्तक लिहिलं.