रास्पबेरी पाय या छोट्या कॉम्प्युटर-बोर्डाची १७ नंबरची पिन इनपुट धड वाचत नाही, मधेच आपोआप हाय-लो (१-०) होते. बोर्ड गेला का?

बोर्ड गेलेला नाही. निदान तपासल्याशिवाय नवा मागवू नका. हाच वाद आमच्या घरात दोन वर्षं चालू आहे, म्हणून लिहायला बसलो.

चोपड्याकडं आमची केळी आहे. आठवड्यातले काही दिवस लाईट रात्रीच येते, म्हणून पाणी आपोआप सुटावं यासाठी मी रास्पबेरी पाय बसवला. टाकीत पाण्याची पातळी सांगणारा फ्लोट स्विच, त्याची वायर शेडपर्यंत आणि ड्रिपचे व्हॉल्व्ह रिलेवर, म्हणजे पायनं चालू-बंद होणाऱ्या स्विचवर. छान चाललं होतं. मे महिन्यात टाकी कोरडी असली तरी पाय ती भरलेली दाखवायला लागला. आबांनी, म्हणजे वडिलांच्या थोरल्या भावानं, बोर्डला हात लावला आणि म्हणाले, "उन्हानं गया. फेकी दे." आबांची हयात जळालेल्या पंपांच्या मोटारी भरण्यात, म्हणजे वायंडिंग करण्यात गेली. त्यांच्या शब्दापुढं गावात कोणी बोलत नाही, घरात तर नाहीच.

उन्हाचं म्हणाल, तर ४५ अंश आम्हाला नवे नाहीत. चिप ८५ अंशांच्या आसपास गेली की स्वतःच वेग कमी करते. आणि ऊन चाळीसांतली एकच पिन निवडून मारत नाही.

मी रात्री सगळ्या वायरी काढल्या. जीपीआयओ १७ ला (जीपीआयओ म्हणजे प्रोग्रामनं चालणाऱ्या पिना) इनपुट करून पुल-अप, म्हणजे पिनेला हायकडं ओढणारा रेझिस्टर लावला, १ आला. लोकडं ओढणारा पुल-डाउन लावला, तरी १. आउटपुट करून लो केली, तर मीटरवर १.८ व्होल्ट. शेजारच्या जीपीआयओ २७ वर हेच केलं तर ३.३ आणि ०, बिनचूक. म्हणजे मेली ती एकच पिन. मग वायरी बघितल्या. फ्लोटची लाल वायर हेडरच्या, म्हणजे बोर्डवरच्या पिनांच्या पट्टीच्या, १ नंबरच्या जागेवर हवी होती, ती होती समोरच्या २ वर. १ वर ३.३ व्होल्ट मिळतात, २ वर ५. उंदरानं कुरतडलेली वायर त्याच आठवड्यात आबांनी बदलली होती. ४४० व्होल्टात हात घालणाऱ्या माणसाला ३.३ आणि ५ सारखेच वाटणार, पण या पिना ३.३ च्या वरचं सोसत नाहीत. मी वायर १ वर आणली, फ्लोट २७ वर घेतला, प्रोग्राममध्ये आकडा बदलला. तोच बोर्ड आजही पाणी देतोय. आबा अजून म्हणतात ऊनच.

तुमची पिन आपोआप हाय-लो होते, याचा अर्थ बहुतेक ती तरंगतेय, पुल-अप किंवा पुल-डाउन लागलेलाच नाही. आतला पुल-अप साधारण ५० किलोओहमचा, म्हणजे फार दुबळा. वायर लांब असेल तर बाहेरून ४.७ किलोओहमचा लावा. जवळ मोटारीचा स्टार्टर असेल तर तेवढ्यानंही भागणार नाही, मधे पीसी८१७ ऑप्टोकपलर घाला, तो सिग्नल प्रकाशातून पुढं नेतो आणि दोन्ही बाजू वेगळ्या ठेवतो. आणि नंबर नीट मोजलात ना? जीपीआयओ १७ हेडरवर ११ व्या जागी असतो. हेडरची १७ वी जागा ३.३ व्होल्टच्या सप्लायची आहे, तिथं वायर लावून कितीही वाचलं तरी काही बदलणार नाही.

वायरी काढून मी केली तीच तपासणी करा. शेवटी एक चांगली पिन आउटपुट करून १ किलोओहमच्या रेझिस्टरमधून संशयित पिनेला जोडा आणि ती हाय-लो बरोबर वाचते का बघा. रेझिस्टर न टाकता जोडू नका.

दोन गोष्टी राहिल्या. जीपीआयओ २ आणि ३ ला बोर्डवरच १.८ किलोओहमचे पुल-अप आहेत, त्या पुल-डाउन लावूनही १ च दाखवणार. त्यांना मेल्या म्हणू नका. आणि काहीही न जोडता चिप लगेच चटका देत असेल किंवा ३.३ च्या पिनेवर तेवढे व्होल्ट येतच नसतील, तर मात्र बोर्ड खरंच गेला, सप्लाय काढा. पण त्याआधी तुमच्या स्विचची लाल वायर १ वर आहे की २ वर, तेवढं बघून इथं सांगा.