घटस्फोटित की अविवाहित? 'शून्यकरणीय' लग्नाविषयी

प्रश्न असा आहे: आतेबहिणीचं लग्न कोर्टाने फसवणुकीच्या कारणावरून रद्द ठरवलं. आता वधूवर सूचक मंडळाच्या अर्जात 'घटस्फोटित'वर खूण करायची की 'अविवाहित'वर? आणि निकालात आलेला 'शून्यकरणीय' हा शब्द काय आहे?

घटस्फोटित नक्कीच नाही. त्याचं कारण शब्दातच आहे. धर्मशास्त्रातला घटस्फोट मुळात नवराबायकोचा नव्हताच. पतिताला वाळीत टाकताना नातलग जमायचे आणि दासीकडून पाण्याने भरलेला घडा पायाने लवंडवायचे. माणूस जिवंत असूनही मेल्यात जमा. काडीमोडात पंचांपुढे काडी मोडायची. घडा काय किंवा काडी काय, आधी अख्खी असते, मग फुटते किंवा मोडते. म्हणजे लग्न झालं होतं, ते संपलं.

'शून्य विवाहा'त मोडायला काही नसतंच. १९५५च्या हिंदू विवाह कायद्याच्या ११व्या कलमात अशी लग्नं येतात: पहिला जोडीदार हयात असताना केलेलं दुसरं लग्न, निषिद्ध नात्यातलं लग्न आणि सपिंडातलं, म्हणजे ठरावीक पिढ्यांच्या आतल्या रक्तसंबंधातलं लग्न. शेवटच्या दोहोंना रूढीचा अपवाद आहे, म्हणून आपल्याकडे ज्या घरांत मामाची मुलगी करायची रीत आहे तिथे ते लग्न चालतं. सपिंड म्हणजे सगोत्र नव्हे, हा घोळ फार जण करतात. मिताक्षरा या धर्मशास्त्रावरच्या जुन्या टीकाग्रंथात पिंड म्हणजे देह, श्राद्धाच्या भाताचा गोळा नव्हे. तिथे वडिलांकडून सात आणि आईकडून पाच पिढ्या मोजत. कायद्याने त्या पाच आणि तीन केल्या. सगोत्र लग्नाला तर १९४६पासूनच कायद्याची आडकाठी नाही.

आता 'शून्यकरणीय'. शब्द ओबडधोबड आहे, पण बनावट चोख. पूजनीय, स्मरणीय यांतला 'अनीय' इथेही आहे: शून्य करण्याजोगं. पण करेपर्यंत शून्य नाही! तोवर ते लग्न लग्नच. जबरदस्ती, फसवणूक, लग्नाच्या वेळी वधूला दुसऱ्यापासून दिवस गेलेले असणं, अशी कारणं १२व्या कलमात आहेत. फसवणूक उघड झाल्यापासून वर्षाच्या आत कोर्टात जावं लागतं. मुदत टळली की त्या कारणाने लग्न शून्य करून मागता येत नाही.

या 'करणीय'चं वजन किती, ते सीमेवर दिसतं. २००६च्या बालविवाह प्रतिबंध कायद्यानुसार महाराष्ट्रात बालविवाह एरवी शून्यकरणीय आहे. अल्पवयात लग्न झालेल्या व्यक्तीने स्वतः अर्ज करायचा, तोही सज्ञान झाल्यावर दोन वर्षांच्या आत. कर्नाटकाने २०१७मध्ये दुरुस्ती करून तिथे होणारा बालविवाह मुळातूनच शून्य ठरवला. महाराष्ट्रातलं जत आणि कर्नाटकातलं विजापूर काही लांब नाहीत, पण जतच्या मुलीला कोर्टाची पायरी चढावी लागते.

मला स्वतःला 'रद्दबातल' जास्त आवडतो. रद्द आणि बातल, दोन्ही अरबी. मुस्लिम कायद्यात मुळातच अवैध निकाहाला 'बातिल' म्हणतात, आणि दुरुस्त होऊ शकेल अशा सदोष निकाहाला 'फासिद'. म्हणजे शून्याला लागणारा नेमका शब्द मराठीच्या खिशात होता. आपण तो टेंडरपासून परीक्षेपर्यंत सगळ्याला वापरून गुळगुळीत केला. हिंदीवाले 'अकृतता की डिक्री' म्हणतात. अकृत, म्हणजे केलंच नाही असं. आपला 'शून्यतेचा हुकूमनामा' त्यापुढे हिशेबाच्या वहीतला वाटतो.

शून्याला मात्र एक मर्यादा आहे. लग्न शून्य झालं तरी त्यातली मुलं १६व्या कलमाने औरसच. बायकोचं काय? मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने २००४मध्ये अशा लग्नातल्या स्त्रीसाठी 'अनौरस पत्नी' अशा अर्थाचा शब्द वापरला होता. फेब्रुवारी २०२५मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो स्त्रीद्वेष्टा ठरवला आणि शून्य विवाहातल्या जोडीदारालाही पोटगी मिळू शकते असं सांगितलं. तीन न्यायाधीशांच्या त्या पीठावर न्या. अभय ओक होते.

तर अर्जात 'अविवाहित', आणि खाली एक ओळ: 'पूर्वीचा विवाह न्यायालयाने रद्द ठरवला आहे.' ती ओळ गाळू नका. पुढच्या स्थळाला मागाहून कळलं, तर फसवणुकीचं तेच कलम या वेळी तुमच्याकडे तोंड करून उभं राहील.