वॉर्डात बाळाला जुलाब: डिस्चार्ज कार्ड वाचल्याशिवाय घरी जाऊ नका

दादा, तुमचं बाळ पाच दिवसांचं, पाण्यासारखी शी, शेजारच्या दोन खाटांवर तीच गत, आणि सिस्टर म्हणतात ‘आईचं खाणं बाधलं’. लेकीच्या वेळी सोलापुरातच मी हेच वाक्य ऐकलंय. मी डॉक्टर नाही, भोगलंय ते सांगते.

अंगावर पिणारं बाळ दिवसाला आठ-दहा वेळा पिवळी, सैल शी करतं, त्याची काळजी नको. पण एकाच वॉर्डात तीन बाळांना लागलं, तर आईच्या ताटात काय शोधायचं? न धुतलेले हात बघा, दुधाचं भांडं बघा. माझं सिझर झालेलं. रात्री मावशी एका पातेल्यात पावडरचं दूध कालवून एकाच वाटी-चमच्याने सगळ्यांना पाजायच्या. मी बघत होते, बोलले नाही.

त्याहून मोठी चूक डिस्चार्जच्या दिवशी झाली. कार्डावर लिहिलं होतं ‘आई व बाळ सुखरूप’. जुलाबाचा शब्द नाही, वजन नाही, कोणतं अँटिबायोटिक दिलं तेही नाही. ऑफिसात मागितलं तर ‘मॅडम सोमवारी येतील’. मी घरी आले. त्याच रात्री पोरगी दूध ओढेना, टाळू खोल गेली. दुसऱ्या दवाखान्यात डॉक्टर विचारतात, जन्माचं वजन किती, काय औषध चाललं, आणि मला एकाचंही उत्तर येईना. वॉर्डात आणखी बाळं आजारी होती हे मी रडत सांगितलं, तेव्हा तिला वेगळं ठेवलं. ती वाचली, पण तो गेलेला वेळ अजून मनातून जात नाही.

म्हणून आजच लेखी अर्ज द्या. डॉक्टरांसाठीच्या मेडिकल कौन्सिलच्या २००२ च्या नियमांनुसार मागितल्यापासून ७२ तासांत केसपेपरची प्रत द्यावी लागते. तोवर केसपेपरचे फोटो काढा. सुरुवातीला वजन थोडं उतरतंच, पण जन्माच्या वजनाच्या १० टक्क्यांहून जास्त घटलं, बाळ मलूल झालं, शू कमी झाली किंवा शीत रक्त दिसलं तर सकाळची वाट बघू नका. १०८ लावा, सिव्हिल गाठा. सरकारी रुग्णालयात आजारी नवजात बाळाचे उपचार मोफत आहेत.

अंगावरचं दूध थांबवू नका. घुटी, मध काही नको, घरातले रागावले तरी चालेल. पावडर द्यावीच लागली तर पाणी उकळून, ७० अंशांच्या खाली जायच्या आत कालवा, कारण पावडर निर्जंतुक नसते. मग निववून पाजा. आपल्याकडे नळ काही दिवसांआड येतो, पिंपातलं पाणी तसंच वापरू नका.

जन्माचं आणि आजचं वजन इथे लिहा.