मेंढीला संवाद नसतो

प्रश्न : आमचा सहा वर्षांचा मुलगा घरात अखंड बडबडतो, पण शाळेत तोंड उघडत नाही. नाताळच्या नाटकात त्याला मेंढी केलंय, एकही वाक्य नाही. बाईंना सांगून निदान दोन ओळी मागाव्यात का? की आपला सण नाही म्हणून नाटकातून काढूनच घ्यावं?
– एक आई, लेस्टर

उत्तर : दोन्ही नको.

इंग्लंडमध्ये शाळेतल्या उपासनेतून मुलाला बाहेर ठेवायचा हक्क पालकांना आहे. श्रद्धेच्या आड येत असेल तर तो जरूर वापरा. बुजरेपणावर पांघरूण घालायला मात्र नको.

आणि मेंढीचं काम दुय्यम कुणी ठरवलं? १२२३ साली इटलीतल्या ग्रेचो गावात संत फ्रान्सिसने गव्हाणीचा देखावा उभा केला, तेव्हा त्यात खरेखुरे बैल आणि गाढव होते. संवादांचं वेड आपलं. मंडळाच्या गणेशोत्सवात रडकुंडीला आलेल्या पोराला माइकपुढे धरून ‘म्हण ना, म्हण ना’ करणारे आपणच.

तुमच्या पत्रात जाता जाता आलेली गोष्ट मला सगळ्यांत मोलाची वाटली. तालमीत तो भिंतीला चिकटून राहिला, तेव्हा वर्गातल्या दोघी ‘आम्हीपण मेंढ्याच होतो’ म्हणत त्याच्या दोन्ही बाजूंना गुडघ्यांवर येऊन बसल्या. त्यातल्या एकीला चांदणीचं काम मिळालं होतं, चमचमता मुकुट वगैरे. तो सोडून ती कापूस चिकटवलेल्या टी-शर्टात आली. सहा वर्षांच्या मुलीने मुकुट सोडणं ही साधी गोष्ट नाही हो! भेटवस्तूंच्या ढिगात नाताळ शोधणाऱ्यांनी त्या तालमीला जायला हवं होतं.

तर आता त्या मैत्रिणींना घरी बोलवा, पण एका वेळी एकीलाच. घर ही त्याची जागा, तिथे त्याला कंठ फुटतो. ‘याला जरा बोलतं करा गं’ असं मात्र त्यांना चुकूनही सांगू नका. आपण स्वयंपाकघरात जावं, ठोकळे आणि ती दोघं काय ते बघून घेतील. शाळेतून आल्या आल्या ‘आज बोललास का?’ हा प्रश्नही बंद. बोलण्यासाठी चॉकलेटचं आमिषही नको.

एक गोष्ट गांभीर्याने घ्या. नव्या भाषेत मुलं काही काळ गप्प राहतात, ते वेगळं. पण शाळेतलं मौन पहिला महिना उलटल्यावरही टिकून असेल, तर तो सिलेक्टिव्ह म्युटिझम असू शकतो, म्हणजे घरी बोलणाऱ्या मुलाला ठरावीक ठिकाणी बोलताच न येणं. तो हट्ट नसतो, भीती असते. शाळेच्या सेन्कोशी (विशेष मदत लागणाऱ्या मुलांची जबाबदारी असलेल्या शिक्षकांशी) आणि जीपीशी, म्हणजे तुमच्या फॅमिली डॉक्टरांशी, बोला, स्पीच थेरपिस्टकडे पाठवायला सांगा. घरी मराठी बोलल्याने असं होतं असं कुणी म्हणालं तर मनावर घेऊ नका आणि मराठी तर मुळीच बंद करू नका.

नाटकाच्या दिवशी पहिल्या रांगेतून हात हलवून त्याचं लक्ष वेधू नका. आणि हो, मैत्रीण येईल तेव्हा चकलीत तिखट जरा बेतानंच घाला.