दोन्ही आघाड्यांवर विश्वास नाही, मग मत कोणाला?

प्रश्न : मी कोल्हापुरात मंगळवार पेठेत राहणारा सेवानिवृत्त शिक्षक आहे. तीस वर्षे मी एकाच पक्षाला मत देत आलो. राज्यातले दोन पक्ष २०२२ आणि २०२३ मध्ये फुटले. ज्या चिन्हासमोरचे बटण दाबले ते एकीकडे गेले आणि ज्या माणसांसाठी दाबले ती दुसरीकडे राहिली. आता महायुती आणि महाविकास आघाडी या दोहोंविषयी माझ्या मनात सारखाच अविश्वास आहे. मुलगा म्हणतो, ‘नोटा’ दाबा. शेजारी म्हणतात, अपक्षाला द्या. गल्लीतला एका गटाचा कार्यकर्ता तर दारात येऊन सांगून गेला, “सर, तुमच्या घरातली पाच मतं आमचीच धरलीत.” मतदानाला जाऊच नये असे वाटू लागले आहे. काय करावे?

उत्तर : मत देणे आणि विश्वास टाकणे या दोन गोष्टी तुम्ही एकच धरल्या आहेत आणि तुमची अडचण तिथून सुरू होते. ज्याच्यावर भरवसा असतो त्याच्याकडे आपण सहसा हिशेब मागत नाही. हिशेब मागायची वेळ येते ती भरवसा नसलेल्याकडेच. म्हणून ‘यांच्यापैकी विश्वासू कोण’ हा प्रश्न काही काळ बाजूला ठेवावा आणि ‘निवडून आल्यावर यांच्यापैकी कोणाला जाब विचारणे मला आणि माझ्या पेठेला शक्य होईल’ असे स्वतःला विचारावे. या प्रश्नाला दोन्ही उमेदवारांच्या बाबतीत सारखेच उत्तर येते, असे सहसा घडत नाही.

चिरंजीवांचा सल्ला टाकाऊ नाही, परंतु त्याची पोच किती हे त्यांना ठाऊक असावे. पूर्वी कोणालाच मत द्यायचे नसेल तर तसे मतदान केंद्राध्यक्षांना सांगून नोंदवहीत नोंद करावी लागे, म्हणजे गुप्तता तिथेच संपत असे. सर्वोच्च न्यायालयाने २७ सप्टेंबर २०१३ रोजी दिलेल्या निकालामुळे ‘वरीलपैकी कोणीही नाही’ म्हणजेच ‘नोटा’ हे बटण यंत्रावर आले. तरीही विधानसभा आणि लोकसभा निवडणुकीत या मतांचा निकालावर परिणाम होत नाही. लातूर ग्रामीण मतदारसंघात २०१९ मध्ये ‘नोटा’ला सत्तावीस हजारांहून अधिक मते मिळून ती दुसऱ्या क्रमांकावर राहिली, आणि पहिल्या क्रमांकाचा उमेदवार नेहमीसारखा आमदार झाला. स्थानिक स्वराज्य संस्थांसाठी मात्र राज्य निवडणूक आयोगाने नोव्हेंबर २०१८ मध्ये वेगळा आदेश काढला असून तिथे ‘नोटा’ सर्वाधिक मते घेऊन गेल्यास फेरनिवडणूक घ्यावी लागते. ‘नोटा’ दाबायचेच असेल तर ते महापालिकेला दाबण्यात काही अर्थ आहे, असे माझे मत आहे.

अपक्षाचे मत वाया जाते, हे कोल्हापूरकरांना तरी सांगू नये. २००९ मध्ये सदाशिवराव मंडलिक पक्षाने उमेदवारी नाकारल्यावर अपक्ष उभे राहिले आणि खासदार झाले. परंतु आपल्याकडचा निवडून येणारा अपक्ष बहुधा एकटा नसतो, त्याच्यामागे गट असतो, कारखाना, दूध संघ किंवा बँक असते. शिरोळमधून २०१९ मध्ये अपक्ष निवडून आलेले आमदार शिवसेनेच्या वाट्यातून राज्यमंत्री झाले आणि २०२२ मध्ये फुटीनंतर शिंदे यांच्याबरोबर गेले. २०१९ मध्येच इचलकरंजीत निवडून आलेल्या अपक्ष आमदारांनी भाजपला पाठिंबा दिला. दोन्ही आघाड्यांना टाळण्यासाठी अपक्षाला मत द्यायचे असेल, तर निकालानंतर तो कोणाच्या गाडीत बसेल याचा अंदाज आधी बांधलेला बरा.

तुम्ही एक संध्याकाळ उमेदवारांची शपथपत्रे वाचण्यात घालवावी, अशी माझी आग्रहाची विनंती आहे. नमुना २६ मधील हे शपथपत्र निवडणूक आयोगाच्या संकेतस्थळावर मिळते. बहुतेक लोक एकूण मालमत्तेचा आकडा पाहतात, डोळे विस्फारतात आणि पान मिटतात. तुम्ही स्थावर मालमत्तेच्या रकान्यात खाली उतरा. जमीन वडिलोपार्जित की स्वतः घेतलेली, कधी घेतली, किती रुपयांना घेतली, हे सारे तिथे लिहावे लागते. रंकाळ्याकडची जुनी वाडवडिलांची जागा महाग झाली म्हणून आकडा फुगणे वेगळे आणि पदावर असलेल्या पाच वर्षांत नवे गट नंबर त्या यादीत येणे वेगळे. मागच्या निवडणुकीचे शपथपत्र शेजारी ठेवले की फरक चटकन दिसतो.

गुन्ह्यांच्या रकान्यातही केवळ संख्या मोजू नये. प्रा. एन. डी. पाटील यांच्या नेतृत्वाखाली या शहराने टोलविरोधी आंदोलन केले, शिरोळ-हातकणंगल्यात ऊसदरासाठी रस्ते अडवले गेले. अशा आंदोलनांत बंदी आदेश मोडल्याचे गुन्हे भल्या माणसांवरही दाखल होतात. त्यामुळे कलम कोणते आहे ते वाचावे. फसवणूक, खंडणी, मारहाण आणि रस्त्यावर बसणे यांना एका मापाने मोजणे अन्यायाचे होईल.

निवडणूक कोणती, यावरही माप बदलते. विधानसभेत पक्षादेश निघाला की पक्षाचा आमदार, कितीही सालस असला तरी, पक्षाच्या बाजूने हात वर करतो, नाहीतर राज्यघटनेच्या दहाव्या परिशिष्टानुसार, म्हणजे पक्षांतरबंदी कायद्याखाली, अपात्र ठरण्याचा धोका पत्करतो. तिथे चांगल्या माणसाला दिलेले मत त्याच्या पक्षाच्या सरकारलाही मिळते, हे नाकारता येत नाही. महापालिकेच्या बहुसदस्यीय प्रभागात मात्र प्रत्येक जागेसाठी स्वतंत्र बटण असते आणि चारही मते एकाच पॅनेलला देण्याची सक्ती नसते. ‘अ’ जागेला एका आघाडीचा, ‘ब’ जागेला दुसऱ्या आघाडीचा, ‘क’ जागेला अपक्ष आणि ‘ड’ जागेला ‘नोटा’ असे मतदान पूर्णपणे वैध आहे, मग पॅनेलवाले काहीही सांगोत.

राहिला तो दारातला कार्यकर्ता. त्याच्याशी वाद घालू नये, चहा पाजावा आणि पाच मतांपैकी चार त्या-त्या माणसांची आहेत एवढे हसत सांगावे. तुमच्या मुलाने ‘नोटा’ दाबले तर तेही त्याचेच, त्यात तुम्ही पडू नये. ज्या निवडणुकीत व्हीव्हीपॅट, म्हणजे दिलेले मत चिठ्ठीवर छापून दाखवणारे यंत्र, असते तिथे चिठ्ठी सात सेकंद काचेमागे दिसते आणि बंद पेटीत पडते. ती काचेआड दिसत असताना तुमच्याशिवाय तिथे कोणीही उभे नसते.