४० वॅटच्या लेझर मशीनला बादली-पंप पुरेल की चिलरच घ्यावा?

तुम्ही विचारलंय ते असं: डोंबिवलीत राहता, जुनं ४० वॅटचं सीओटू लेझर मशीन घेतलंय, नावाच्या पाट्या आणि लाकडी कीचेन करायच्यात, रोज संध्याकाळी दोन-तीन तास मशीन चालेल. मग किरण तयार करणारी काचेची ट्यूब थंड ठेवायला बादलीत पंप सोडून भागेल का, की सीडब्ल्यू-३००० किंवा सीडब्ल्यू-५००० चिलर (ट्यूबचं पाणी गार ठेवून फिरवणारं यंत्र) घ्यावा? आणि पाण्यात बर्फ टाकला तर चालेल का?

आधी उत्तर देऊन टाकतो. डोंबिवलीच्या हवेत रोज दोन-तीन तास काम करणार असाल तर कॉम्प्रेसरवाला चिलर, म्हणजे सीडब्ल्यू-५००० घ्या. एवढे पैसे लगेच जमणार नसतील तर तोवर बादली आणि बर्फाच्या बाटल्यांवर काढा. सीडब्ल्यू-३००० मात्र घेऊ नका. दुकानदार तोच आधी पुढे करतो, कारण त्याच्यावरही चिलर असं लिहिलेलं असतं आणि एका सीडब्ल्यू-५००० च्या पैशांत ते दोन-तीन येतात.

मी जळगावचा. पाच वर्षांपासून असंच मशीन घरी चालवतोय. पण मी जळगावात जे केलं तेच तुम्ही डोंबिवलीत केलंत तर ट्यूब घालवून बसाल, म्हणून जरा सविस्तर लिहितो. मशीन तेच असलं तरी तुमची हवा वेगळी आहे, आणि थंड करायची पद्धत हवा पाहूनच ठरवावी लागते.

आधी उष्णतेचा हिशोब. या ट्यूबला साधारण १५ हजार व्होल्ट आणि १५ मिलिअँपिअर मिळतात, म्हणजे सव्वादोनशे वॅटच्या आसपास वीज. त्यातून किरण म्हणून बाहेर पडतात जेमतेम ३०-३५ वॅट. बाकीचे दोनशेच्या जवळपास वॅट काचेच्या आवरणातल्या पाण्याला तापवतात. बादलीत २० लिटर पाणी असेल तर पूर्ण ताकदीवर ते दर सात मिनिटांनी एक अंश चढतं. कोरीवकामात किरण सतत चालू नसतो आणि करंटही कमी ठेवतो, त्यामुळे प्रत्यक्षात हा वेग निम्म्यावर येतो. तरी दोन तासांत आठ-दहा अंश सहज चढतात. ट्यूबला पाणी १८ ते २२ अंशांचं आवडतं, २५ पर्यंत ती कुरकुर करत नाही, ३० च्या पुढे तिचं आयुष्य झपाट्यानं घटतं. शिवाय ट्यूबमधला वायू तापला की किरण क्षीण होतो. पहिली पाटी गडद कोरली जाते आणि त्याच सेटिंगवर दहावी फिकट येते. नवीन माणूस लेन्स पुसत बसतो, आरसे जुळवत बसतो, आणि दोष असतो पाण्यात.

(जाता जाता, कार्बन डायऑक्साइड लेझर १९६४ साली अमेरिकेत बेल लॅब्समध्ये शोधणारे सी. कुमार पटेल मूळचे आपल्या बारामतीत जन्मलेले आणि पुण्याच्या इंजिनिअरिंग कॉलेजात शिकलेले. हे कळल्यापासून मला या मशीनबद्दल जास्तच माया वाटते.)

आता सीडब्ल्यू-३००० ला नाही का म्हणतो ते. त्यात कॉम्प्रेसर नसतो. टाकी, पंप, रेडिएटर आणि पंखा, एवढंच. खोलीच्या हवेपेक्षा थंड पाणी तो देऊच शकत नाही. त्याची क्षमता अंशाला ५० वॅट अशी लिहिलेली असते, म्हणजे २०० वॅट उष्णता फेकायला पाणी हवेपेक्षा चार अंश गरम व्हावं लागतं. मे महिन्यात तुमची खोली ३३ अंशांवर असेल तर पाणी ३७ वर. डिसेंबरात खोली २६ वर आली तरी पाणी ३० वर. मग पैसे कशाला घालायचे? महाबळेश्वरला राहत असता तर घ्या म्हणालो असतो. कॉम्प्युटरचा किंवा गाडीचा रेडिएटर लावण्याचा सल्लाही कोणी देईल, त्यालाही हाच हिशोब लागू. पेल्टिअरच्या (वीज दिली की एक बाजू गार आणि दुसरी गरम होणाऱ्या चकतीच्या) नादाला तर लागूच नका. १२७०६ नंबरची एक चकती तापमानात फरक नसताना जेमतेम पन्नासेक वॅट ओढते, फरक वाढला की त्याहून खूप कमी, आणि स्वतः तेवढीच वीज खाऊन ती उष्णता दुसऱ्या बाजूला ओतते.

मी सुरुवातीला काय केलं सांगतो. आमच्याकडे मे महिन्यात ४२ अंश म्हणजे नेहमीचंच, पण हवा अगदी कोरडी. घरोघरी ताट्यांचे कूलर असतात आणि त्यांच्या टाकीतलं पाणी भर दुपारीसुद्धा २४-२५ अंशांवर असतं. मी स्टीलच्या पिंपात डिस्टिल्ड वॉटर भरलं, ते पिंप कूलरच्या टाकीत उभं केलं आणि ट्यूबचं पाणी पिंपातून फिरवलं. छोट्या कामांना २६-२७ वर पाणी टिकायचं. दोन उन्हाळे असे काढले. पण ही करामत कोरड्या हवेची. तुमच्या दमट हवेत कूलरच चालत नाही, तर त्याच्या टाकीतलं पाणी कुठून थंड होणार?

उलट तुमच्याकडे दुसरीच भीती आहे, ती म्हणजे दव. फ्रिजमधून काढलेल्या तांब्याला बाहेरून पाणी सुटतं ना, तसंच ट्यूबला सुटतं. एका टोकाला १५ हजार व्होल्टची तार जोडलेली आणि काचेवर ओल! ठिणगी उडून ट्यूब किंवा पॉवर सप्लाय जातो, किरण बाहेर पडतो त्या भिंगावर धुकं धरतं. दव कुठल्या तापमानाला पडेल त्याचा सोपा अंदाज सांगतो: शंभरातून आर्द्रतेचा आकडा वजा करा, उरेल त्याला पाचाने भागा आणि ते हवेच्या तापमानातून कमी करा. हवा दमट असते तेव्हा हा आडाखा बऱ्यापैकी जुळतो. ३० अंश आणि ८० टक्के आर्द्रता असेल तर दव २६ ला. म्हणजे जुलैत तुम्ही पुस्तकातले २० अंश गाठायला गेलात तर ट्यूबला घाम फुटणारच. पावसाळ्यात चिलर दवाच्या वर एक-दोन अंश, २७-२८ वर लावा आणि करंट दहा मिलिअँपिअरपर्यंतच ठेवा. लाकडावरच्या पाट्यांना तेवढा पुरतो. थंडीत हवा कोरडी झाली की खुशाल २० वर आणा. म्हणून चिलरच्याही आधी तापमान आणि आर्द्रता दाखवणारा छोटा मापक घेऊन मशीनशेजारी टांगा.

खोलीत एसी असेल तर दव टळेल असं वाटतं. पण धूर बाहेर फेकणारा पंखा एसीची हवाही बाहेर फेकतो आणि दारा-खिडक्यांच्या फटीतून बाहेरची दमट हवा आत येते. मापक काय दाखवतो तेच खरं माना.

बर्फाचं म्हणाल तर सुटा बर्फ पाण्यात टाकू नका, नळाच्या पाण्याचे क्षार आत जातात. एक लिटरच्या बाटल्या गोठवून, बाहेरून पुसून सोडा. एक बाटली पूर्ण वितळेपर्यंत २० लिटर पाणी चार-पाच अंशांनी उतरतं, म्हणजे पूर्ण ताकदीवरचा अर्धा-पाऊण तास निघतो. बाटल्या एकेक करून टाका. एकदम चार टाकल्यात तर पाणी दवाच्या खाली जाईल. आणि तापलेल्या ट्यूबमध्ये अचानक गार पाणी सोडलं तर काच तडकते.

पाणी डिस्टिल्डच हवं. बॅटरीच्या दुकानात पाच लिटरचा कॅन मिळतो तेच. आरओचं किंवा बाटलीबंद पाणी चालणार नाही, त्यात क्षार असतात, त्यातून वीज पाण्यात झिरपते आणि बादलीला हात लावला की झटका बसतो. परदेशी व्हिडिओत अँटिफ्रीझ घालायला सांगतात, कारण त्यांच्याकडे पाणी गोठतं. आपल्याकडे त्याची गरज नाही, उलट त्यानं पाणी जास्त वीज वाहू लागतं. शेवाळ धरू नये म्हणून टाकी झाकलेली आणि अपारदर्शक ठेवा, दोन-तीन महिन्यांनी पाणी बदला.

शेवटचं सगळ्यात कळकळीनं सांगतो. माझी पहिली ट्यूब उन्हानं किंवा दवानं गेली नाही. पंप चालू होता, त्याचा आवाजही येत होता, पण मशीनमागे नळी मुडपली होती आणि पाणी जागच्या जागी थांबलं होतं. मी पलीकडे प्लायवूड कापत बसलो होतो. काच तडकल्याचा बारीक टिक् आवाज आला आणि जांभळा उजेड विझला. तेव्हापासून परतीच्या नळीवर फ्लो स्विच लावलाय. तो पॉवर सप्लायच्या पाणी-संरक्षणाच्या टर्मिनलला जोडला की पाणी थांबताच किरण बंद होतो. चिलर घ्याल तेव्हा घ्या, पण हा काही शे रुपयांचा स्विच मशीन पहिल्यांदा चालू करण्याआधी बसवा. जोडणी करताना प्लग काढलेला असू द्या, अर्थिंग एखाद्या इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्या. ट्यूबची पाणी बाहेर पडणारी तोटी वरच्या बाजूला येईल अशी ट्यूब फिरवा, म्हणजे बुडबुडे आत अडकत नाहीत, आणि परतीच्या नळीचं टोक पाण्यात बुडालेलं ठेवा. पंप सुरू करून पाच मिनिटं नुसतं पाणी फिरू द्या, टॉर्च मारून काचेत एकही बुडबुडा दिसत नाही ना ते पाहा, आणि मगच किरण सोडा.